पाव्हण्या आल्या घरा

ती चूक दमलेल्या हाताची होती.

दुपारचा एक वाजत आलेला. हडपसरच्या एका गल्लीत, बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीच्या वर, ‘सावली’ नावाचं पाळणाघर होतं. शाळा सुटली की आईबाप कामावरून येईपर्यंत पोरांनी तिथं थांबायचं. त्याच्या अर्ध्या उघड्या दारात कल्याणी ओव्हाळ उभी होती आणि पोरं जिन्यावर रांगेत. एकेकाच्या कपाळाला ती हाताची उलटी बाजू लावायची, डोळ्यांत बघायची, “जीभ?” म्हणायची, आणि मग, “जा आत.” कपाळ, डोळे, जीभ, जा आत. कपाळ, डोळे, जीभ, जा आत. जात्याला सूर लागावा तसा त्या हाताला सूर लागलेला.

रांगेच्या शेवटी एक नवी मुलगी होती, आणि तिच्या बुटाची नाडी बांधायला खाली वाकलेलं कुणीतरी. मुलीचं कपाळ झालं. हात सवयीनं पुढच्या कपाळावर गेला...

ते कपाळ रुंद होतं. त्याखाली जागरणानं तांबारलेले दोन मोठे डोळे होते, आणि ते डोळे पापणी न लववता तिच्याकडे बघत होते.

“ताप नाही,” कल्याणी म्हणाली. “जा आत.”

आणि मग पोरं अशी खिदळली, की खालच्या गिरणीच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली.

“जीभ दाखवू का?” त्या माणसानं विचारलं. अगदी गंभीरपणे.

कल्याणीनं हात असा मागं घेतला, जसा काही चटका बसला. “अहो... माफ करा. मघापासून इतकी कपाळं झालीत की—”

“असू द्या. बऱ्याच दिवसांत कुणी विचारपूस केली नव्हती.” तो उठला. “मी साईनाथ शेवाळे. शेफालीचा काका. तिचे आईबाप दोघंही कंपनीत, म्हणून सोडणं-नेणं माझ्याकडं. तुमच्या या जकात नाक्याबद्दल ऐकून होतो. कपाळाला हात लावतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.”

‘ओव्हाळबाईंचा जकात नाका’ हे नाव गल्लीनंच ठेवलेलं. कल्याणीला ते माहीत होतं आणि तिची ना नव्हती. गेल्या पावसाळ्यात एका पोराला उलट्या-जुलाब होत असताना त्याच्या वडलांनी गुपचूप आणून सोडलं, आणि आठवड्याभरात अर्धी सावली आडवी झाली. तेव्हापासून ती दारातच तीन प्रश्न विचारायची: पोराला ताप आहे का? सकाळी तापाचं औषध पाजलंत का? घरी कुणी आजारी आहे का? मधला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. गोड लाल औषध पाजून आणलेलं पोर एक वाजता टवटवीत असतं आणि तीन वाजता भट्टीसारखं तापतं. आईला रजा मिळत नाही, बापाला मिळते पण तो घेत नाही. कल्याणीला ते सगळं कळायचं. कळायचं म्हणून तर दमायला व्हायचं.

---

संध्याकाळी सहाला तो न्यायला यायचा. तेव्हा कल्याणीचा दिवस संपत आलेला असायचा आणि त्याचा सुरू व्हायचा असायचा. रात्रपाळी होती त्याची, त्या नव्या काचेच्या इमारतींमध्ये. त्या जागी पूर्वी शेवाळ्यांचा ऊस होता. आजोबा ज्या बांधावर बसून तंबाखू मळायचे, त्याच्या बरोबर वर, तिसऱ्या मजल्यावर, नातू रात्रभर बसून अमेरिकेतल्या विमा कंपनीच्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधायचा.

“म्हणजे तुमचं-माझं काम एकच,” तो म्हणाला एकदा. “दारात उभं राहायचं आणि चूक आत जाऊ द्यायची नाही.”

“तुमच्या चुकांना नाक पुसावं लागत नाही.”

“नाही. पण त्या तुमच्या पोरांसारख्या हसतही नाहीत.”

तो दारातच उभा राहायचा. आत पोरं नळाशी हात धूत असायची. साबण जाळीच्या पिशवीत घालून नळाला टांगलेला, आणि पोरांनी घाई करू नये म्हणून कल्याणीनंच जोडलेलं गाणं. गाणं संपेपर्यंत हात चोळायचे, हा कायदा.

*तळहाता तळहाता, गेला होतास कुठं?*
*मातीत, वाळूत, नाकात, आणि मित्राच्या बुटं...*
*बोटांमधी बोट घाल, पाठीवरी पाठ,*
*नखाखालच्या चोरा, तुझी उघडी झाली वाट!*

“हे तुमचं गाणं,” एके दिवशी साईनाथ कपाळाला आठ्या घालून म्हणाला, “मी काल ऑफिसात बेसिनपाशी म्हणत होतो. मोठ्यानं. शेजारी आमचा अमेरिकेचा पाहुणा उभा होता.”

“मग?”

“त्यानं विचारलं, प्रार्थना आहे का. मी म्हटलं, हो. आमच्याकडच्या एका कडक देवीची.”

कल्याणी हसली. दिवसभरात पहिल्यांदा. साबणानं आणि फिनेलनं तिच्या हातांना भेगा पडल्या होत्या. ते हात तिनं ओढणीखाली घेतले, आणि त्यानं ते पाहिलं... आणि पाहिलं नाही असं दाखवलं. दुसऱ्या दिवशी शेफालीच्या दप्तरात कोकमतेलाची वडी आली. “काकानं दिलीय. म्हणाला, नळाजवळ ठेव, कुणालाही लागेल.”

“कुणालाही!” कुसुम म्हणाली.

कुसुम कल्याणीच्या हाताखाली काम करायची. पोरांना भरवणं, निजवणं, मुलींच्या वेण्या घालणं सगळं तिच्याकडं. पाचवा महिना लागलेला, त्यामुळं बसल्याजागची कामं वाढवून घेतलेली, आणि बसल्याजागी तिचे डोळे सगळीकडं फिरायचे.

“ताई, एक बघितलंत का? अख्खी गल्ली तुम्हाला ताई म्हणते. बाप्ये म्हणतात, बाया म्हणतात, रिक्षावाला संपत पन्नाशीचा आहे, तोपण म्हणतो. हे एकटेच म्हणत नाहीत. ‘अहो’ म्हणतात, नाहीतर खोकतात.”

“कुसुम, वेणी घाल. वाकडा भांग पडतोय.”

“माझा भांग सरळच आहे,” कुसुम म्हणाली.

---

होळीच्या आधी साईनाथला कंपनीनं बंगळूरला पाठवलं. शेफालीला संपतची रिक्षा आणू-नेऊ लागली. सहा वाजले की कल्याणीची नजर जिन्याकडं जायची, आणि मग ती स्वतःवरच वैतागून खिडक्या लावायला घ्यायची.

अशाच एका दुपारी शेफाली दारात आली. कपाळ थंड, डोळे स्वच्छ, जीभ लाल. पेप्सीकोला खाऊन आलेली.

“घरी सगळे बरे?” कल्याणीनं विचारलं. रोजचाच प्रश्न.

“हो. आमच्याकडं पाव्हण्या आल्यात.” शेफालीनं आवाज एकदम खाली आणला. “आजी म्हणाली, बाहेर बोलायचं नाही. घरात भांडायचं पण नाही. आजीनं दाराला पानं लावलीत, आणि रोज गार-गार जेवण करते. काका येईपर्यंत राहणार आहेत बहुतेक.”

कल्याणीचा हात पोरीच्या कपाळावर होता, तो तिथंच राहिला.

पाहुण्या. बायका. दाराला तोरण. काका येईपर्यंत राहणार. आणि बाहेर बोलायचं नाही...

पुढचा प्रश्न ओठांवर आलेला. कुठल्या पाहुण्या? कशाला आल्यात? पण तो तिनं गिळला. शेवाळ्यांचं घर. जमीन विकून बंगला बांधलेलं. मुलगा बत्तीस वर्षांचा, कमावता. मुलीकडच्या बायका घर बघायला येणार नाहीत तर काय! आणि आपण कोण? ओव्हाळांची पोरगी, गिरणीच्या वर पोरांची नाकं पुसणारी. कोकमतेलाची एक वडी, आणि आपण लगेच...

“जा आत,” ती म्हणाली.

तिच्या घरात वाढलेल्या कुणालाही त्या ‘पाव्हण्यां’चा अर्थ उमगला नसता. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली आणि देव्हारा नदीत सोडला. तेव्हापासून त्या घरात आजाराला आजारच म्हणायची रीत. कांजिण्या म्हणजे कांजिण्या. त्या कल्याणीला लहानपणी आल्या होत्या, डाव्या भुवईशी खूण होती. त्यांना कुणी पाहुण्या म्हणतं, नाव घेतलं तर त्या कोपतात म्हणून कुणी कुजबुजतं, हे तिच्या कानांवर कधी पडलंच नव्हतं.

साईनाथ परत आला तो हसतच जिना चढला. “आज जकात नाही?”

“नाका उठला,” कल्याणी शेफालीचं दप्तर पुढं करत म्हणाली.

“म्हणजे? कायमचा?”

“तुमच्यापुरता.”

तो थांबला. काही विचारणार होता. पण तिनं आधीच पाठ फिरवली होती, आणि ती पाठ इतकी थकलेली दिसत होती, की त्यानं दप्तर खांद्याला लावलं. नुसता जिन्यात थोडा वेळ उभा राहिला. आत ‘नखाखालच्या चोरा’ चाललेलं.

---

मग एका दुपारी कुसुम शेफालीची वेणी घालता घालता म्हणाली, “ताई, हिला मानेवर काय चावलंय बघा.”

कल्याणीनं केस बाजूला केले. चावलेलं नव्हतं. मोगऱ्याच्या पाकळीवर पाण्याचा थेंब बसावा तसा, नितळ, पाण्यानं भरलेला एक फोड. फ्रॉक वर केला, तर पोटावर आणखी तीन.

तिनं झटकन कुसुमकडं बघितलं. कारण शेफाली कुसुमच्या मांडीत बसली होती. रोज बसायची. आणि कुसुमच्या पोटात...

“कुसुम,” ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, “तू ऊठ. हात धू, आणि खाली गिरणीच्या ओट्यावर जाऊन बस. तुला लहानपणी कांजिण्या येऊन गेल्यात?”

“मला काय आठवतं, ताई? आई गेली तेव्हा मी एवढीशी होते.” आणि मग तिचा हात आपोआप पोटावर गेला. “का हो ताई? बाळाला काही...?”

शेफालीला वेगळ्या खोलीत बसवलं. तिच्या घरी फोन केला. साईनाथ झोपेतून उठून तसाच आला, शर्टाची बटणं खालीवर लागलेली.

“घरी कुणाला होत्या?” कल्याणीनं विचारलं.

“हिच्या धाकट्या भावाला. मी बंगळूरला असताना. मी आलो तेव्हा खपल्या पडत होत्या... मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल. शेफू म्हणाली, मी ताईंना सांगितलं.”

“मला? मला काय सांगितलं तिनं?”

“पाव्हण्या आल्यात म्हणून. आमची आई नाव घेत नाही. दाराला कडुनिंब लावते, फोडणी बंद करते, आणि पाव्हण्या म्हणते.”

कल्याणी भिंतीला टेकली. दाराला पानं. गार जेवण. भांडायचं नाही. पोरीनं सगळं सांगितलं होतं. अक्षरन् अक्षर.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई मोजकं बोलणाऱ्या. “येऊन गेल्या असतील तर बाळाला काही होत नाही. गेल्या नसतील तर एक इंजेक्शन द्यावं लागतं. ते मुंबईहून मागवावं लागेल आणि लवकर द्यावं लागेल. रक्त तपासायला पाठवते, पण रिपोर्टला वेळ लागतो. तोवर हिच्या घरच्या कुणाला विचारा. आणि रडू नका, रडण्यानं कांजिण्या जात नाहीत.” हे शेवटचं त्या कुसुमला म्हणाल्या, पण बघत होत्या कल्याणीकडं.

कुसुमला वाढवलं ते लोणी काळभोरच्या सोजरआत्यानं. तिच्या शेजारच्यांचा फोन लावला, तो नुसता वाजत राहिला.

“मी जाते,” कल्याणी म्हणाली.

“मी नेतो,” साईनाथ म्हणाला. शेफालीला घरी सोडून तो परत आला होता.

“झोपलात का तुम्ही?”

“तासभर.”

“मग मागं बसा. तुमच्या डोळ्यांवर माझा भरवसा नाही.”

---

सोलापूर रस्ता धुळीनं आणि ट्रकांनी भरलेला. कल्याणीची स्कूटी साखर कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमागून फटफटत चाललेली, मागं साईनाथ अंग चोरून बसलेला. दोघांच्या मधे दप्तर असावं तेवढं अंतर त्यानं राखलं होतं.

सोजरबाई अंगणात गहू निवडत होत्या. सुपातून डोळे वर न करता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

“आल्या व्हत्या की पाव्हण्या,” त्या म्हणाल्या. “अंगभर आल्या व्हत्या.”

“कुसुमला?” कल्याणी पुढं सरसावली.

“कुसुमला... का तिच्या थोरलीला? थांब गं बाई. दोघी अश्या पाठोपाठच्या. थोरलीला गोवर... न्हाई, थोरलीला...” सूप थांबलं. म्हातारीचे डोळे कुठंतरी लांब गेले. “याद ऱ्हायली न्हाई बघ आता. वय झालं.”

कल्याणी तिथंच मातीत बसली. साईनाथ तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि हळूच म्हणाला, “आजी, पोरगी खाजवत असंल ना तेव्हा? आमचा पुतण्या रात्रभर खाजवायचा म्हणे. आईनं त्याचे हात धरून ठेवले, अन् गाणी म्हणत बसली.”

“मग! मीबी बसायची. हात धरायचे अन् गायचं. हात सोडला की फोड फुटतोय.” सोजरबाईंची बोटं गव्हात फिरू लागली, आधी हळू, मग लयीत. आणि त्यांच्याही नकळत ओठांतून सूर बाहेर पडला, जुना, चिरका, पण न चुकणारा:

*पाव्हण्या आल्या घरा, निंबाखाली गं बसल्या,*
*कुसुमच्या अंगावरी मोती पेरुनी हसल्या...*
*पाव्हण्या निघाल्या दूर, मागं वळून पाहती,*
*कुसुमच्या कानामागं खूण एवढी ठेविती...*

म्हातारी थांबली. “कुसुम,” ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. “थोरलीचं नाव ह्यात बसतच न्हाई. थोरली पारूबाई. कुसुमच व्हती गं ती!”

कल्याणी रडत होती की हसत होती, ते तिलाच कळत नव्हतं. साईनाथनं खिशातून रुमाल काढला, बघितला, मळलेला होता, परत खिशात ठेवला.

“नियमात बसत नाही,” तो म्हणाला.

---

परत येताना ऊन उतरलेलं. रस्त्याकडेचे कडुनिंब नुकते मोहरू लागलेले, धुळीतूनही त्यांचा तो कडू-गोड वास येत होता.

“एक विचारू?” मागून आवाज आला.

“विचारा.”

“जिन्यावर कुणी शिंकलं तरी तुम्ही तीन प्रश्न विचारता. शेफूनं पाव्हण्या म्हटल्यावर एकही विचारला नाहीत. का?”

एक ट्रक भोंगा वाजवत गेला. दुसरा गेला. बरं होतं एक, की तोंड रस्त्याकडं होतं. त्याच्याकडं बघून हे तिला जन्मात सांगता आलं नसतं.

“मला वाटलं... तुम्हाला बघायला आल्यात. मुलीकडच्या.”

पुढच्या खड्ड्यात स्कूटी आदळली.

“मग विचारायचं की,” तो म्हणाला, “कुठल्या गावच्या, मुलगी काय करते...”

“नको होतं विचारायला.”

“का?”

“उत्तर नको होतं.”

तिनं गाडीचा वेग वाढवला, जणू त्या तीन शब्दांपासून लांब पळायचं होतं. “आणि त्या न विचारलेल्या प्रश्नापायी कुसुमचं बाळ... माझ्या मनातल्या एका खुळापायी, साईनाथ. सगळ्या जगाला शिस्त शिकवते मी. आणि माझं काम होतं ते एकच. विचारणं.”

“शब्द आमच्या घरचा होता,” तो हळू म्हणाला. “आईला मी कधी म्हटलं नाही, की त्याला नाव आहे, ते घे. तुमच्या एकटीची चूक नाही ती.”

वाऱ्यानं तिची ओढणी सुटली होती, मागं फडफडत होती. “ओढणी चाकात जाईल,” तो म्हणाला. त्यानं ती गोळा केली आणि मुठीत धरली. हडपसर येईपर्यंत धरून ठेवली. आणि मधलं ते दप्तराएवढं अंतर... ते कुठं गेलं, कोण जाणे.

गल्लीच्या तोंडाशी तो उतरला. “कल्याणी—”

पहिल्यांदाच. ना अहो, ना खोकला.

“आता नको,” ती म्हणाली. “कुसुमचा रिपोर्ट येईपर्यंत माझ्याशी असलं काही बोलू नका. माझ्यानं ऐकवणार नाही.”

त्यानं मान डोलावली. ओढणी तिच्या हातात दिली. चुरगळून तिचा पार चोळामोळा झाला होता.

---

कुसुमच्या कानामागचे केस बाजूला केले, तर तिथं खरंच होती खूण. तांदळाच्या कणीएवढी. आयुष्यात कुणी ती बघितली नव्हती, कुसुमनंही नाही. डॉक्टरीणबाईंनी ओवी ऐकली, खूण पाहिली आणि म्हणाल्या, “छान. आता रक्त काय म्हणतं ते बघू.” रक्तानंही तेच म्हटलं. कुसुमला येऊन गेल्या होत्या. बाळ सुखरूप होतं.

रिपोर्ट हातात आला तेव्हा कुसुम हसली, आणि कल्याणी संडासात जाऊन दार लावून रडली.

पुढचे काही दिवस सावलीत निम्मीच पोरं. ज्यांना येऊन गेल्या होत्या तेवढीच. खेळणी धुवायची, गच्चीवर उन्हात मांडायची, चटया उकळत्या पाण्यातून काढायच्या. दारात आता चौथा प्रश्न आला होता: “घरी पाव्हण्या आल्यात का?”

“आल्यात ना,” एक आई म्हणाली. “सासूबाई. जायचं नाव घेत नाहीत.”

कल्याणीला हसू आलं. मग जिन्याकडं नजर गेली. शेफाली बरी होऊन यायला लागली होती, पण तिला आणत होता संपत. रिपोर्टची बातमी साईनाथला पोचली होती, निरोपही गेला होता. तरी सहाला तो काही आला नाही. दोन दिवस, तीन दिवस. ऐकवणार नाही म्हटलं आपण... त्यानं ते कायमचंच धरलं की काय?

तिसऱ्या दिवशी तिनं न राहवून विचारलं. प्रश्न गिळायचा नाही, एवढं तरी ती शिकली होती. “संपतकाका, शेफालीचे काका कुठं असतात?”

“घरीच पडलेत की ताई,” संपत म्हणाला. “पाव्हण्या आल्यात त्यांच्या अंगावर. लहानपणी यायच्या राहिल्या होत्या वाटतं. पार माठ झालाय तोंडाचा.”

---

शेवाळ्यांच्या बंगल्याच्या दाराला कडुनिंबाची डहाळी होती, मोहरलेली. दार उघडलं ते मथुराबाईंनी, साईनाथच्या आईनं. कपाळभर कुंकू, डोक्यावर पदर, आणि नजर अशी, की वजनकाट्यावर उभं राहिल्यासारखं वाटावं.

“मी कल्याणी. शेफालीच्या पाळणाघरातली.”

“ठाऊक हाय. ओव्हाळांची.” मथुराबाई तिला वरून खालपर्यंत बघत राहिल्या. मधे गेला तो क्षण लांबलचक होता, त्यात छप्पन सालही होतं आणि त्याच्या मागचंही बरंच काही. “तुला येऊन गेल्यात?”

कल्याणीनं केस मागं सारून भुवईशी बोट ठेवलं.

मथुराबाईंनी सुस्कारा सोडला. “पाव्हण्या घरात असताना दारातनं कुणाला माघारी लावत न्हाईत आमच्यात. ये.”

“आणि पाव्हण्या गेल्यावर?”

ते तोंडातून कसं निघालं, कल्याणीलाही कळलं नाही. दमलेल्या माणसाच्या जिभेला कधी कधी लगाम राहत नाही.

म्हातारीच्या ओठांचा कोपरा हलला, की भास झाला? “त्या गेल्यावर त्या गेल्यावरचं बघू. पायावर पाणी घे. अन् जेवून जा. आळणी हाय, फोडणी न्हाई, आधीच सांगते.”

साईनाथ खिडकीशी खाटेवर पडला होता. चेहऱ्यावर जागा म्हणून शिल्लक नव्हती. तिला बघून त्यानं चादर नाकापर्यंत ओढली.

“बघू नका,” चादरीतून आवाज आला. “मुलीकडच्या आल्या की फोटोच दाखवायचा, असं ठरलंय आता.”

कल्याणीनं खुर्ची ओढली. हाताची उलटी बाजू त्याच्या कपाळावर ठेवली. कोकमतेलानं त्या हाताच्या भेगा भरत आल्या होत्या.

“ताप आहे,” ती म्हणाली. “नियमानं आत घेता येणार नाही.”

“मी कुठं येतोय आत. तूच आलीयस.”

तू... दोघांनाही एकदम ऐकू आला तो शब्द. खिडकीबाहेर कडुनिंबाची फुलं टपटप पडत होती. कल्याणीनं हात काढला नाही.

“आता बोलू का?” त्यानं विचारलं. “रिपोर्ट आलाय म्हणे.”

“बोल.”

“कांजिण्या एकदा येऊन गेल्या की परत येत नाहीत ना?”

“नाही येत.”

“तू तशी येऊ नकोस. एकदा येऊन गेली, झालं... तशी. पाव्हणी म्हणून नको येऊस.”

त्याचा हात खाजवायला मानेकडं निघाला होता, तो तिनं धरला, आणि धरूनच ठेवला. हात सोडला की फोड फुटतो, हे तिला सोजरबाईंनी सांगितलं होतं.

“ताटं वाढलीत,” आतून मथुराबाईंचा आवाज आला. “हात धुऊन घे गं.”

मागच्या अंगणात नळ होता. कल्याणीनं साबण घेतला. दिवसभराचा शीण खांद्यांवर होता, उद्याची पोरं होती, आणि या घराचं पुढचं सगळं... ते तर जिन्यावरच्या रांगेसारखं अजून उभंच होतं, एकेक कपाळ बघायचं बाकी होतं. तिनं सवयीनं हात चोळायला घेतले, आणि सवयीनंच ओठ हलले.

“*बोटांमधी बोट घाल, पाठीवरी पाठ...*”

खिडकीतून, तापानं घोगरा झालेला, बेसूर आवाज आला:

“*नखाखालच्या चोरा, तुझी उघडी झाली वाट!*”

“कसलं गाणं म्हणायचं हे?” मथुराबाई टॉवेल घेऊन दारात उभ्या होत्या.

“प्रार्थना आहे आई,” खिडकी म्हणाली.

मथुराबाईंनी एकदा खिडकीकडं पाहिलं, एकदा त्या फेसाळलेल्या हातांकडं. मग टॉवेल पुढं केला.

“पुसून घे नीट,” त्या म्हणाल्या. “अन् मला शिकीव नंतर. नातवाला म्हणून दाखवंन.”